ताट फिरवल्यावर

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. आबांना दवाखान्यातून घरी आणून आठ-नऊ दिवस झाले असतील. आईने मागच्या अंगणात पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली होती आणि भरताचा तो धुरकट, किंचित गोडसर वास ओसरीपर्यंत आला होता. आजारपणानंतर आबांनी पहिल्यांदाच तोंडाने काहीतरी मागितलं होतं, म्हणून तिला कोण आनंद. ताट तिने नेहमीसारखंच वाढलं. उजवीकडे भरीत, मध्ये कळण्याची भाकरी, डावीकडे हिरव्या मिरचीचा ठेचा, कांद्याची पात आणि लोणच्याची फोड. आबांचा डावा हात मांडीवर निपचित पडलेला, त्यामुळे ते उजव्या हातानेच भाकरी दाबून तोडत होते. मी समोर बसून पाहत होते. भाकरी उजव्या कडेने तुटत तुटत मध्यापर्यंत आली आणि तिथेच थांबली. उरलेली अर्धी जशीच्या तशी, मधोमध उभी कड. आबांनी वर पाहिलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "ठेचा दिन्हा नही?"

आई वाढता वाढता थबकली. ठेचा त्यांच्या बोटांपासून वीतभर अंतरावर होता, वर तेल चमकत होतं. "दिन्हा ना," ती म्हणाली. आबांनी परत ताटाकडे पाहिलं. भरीत पाहिलं, ताटाची उजवी कड पाहिली, कडेच्या पलीकडे पाण्याच्या तांब्यापर्यंत पाहिलं. "कठे?" त्या आवाजात चिडचिड नव्हती. मला काय सुचलं कोण जाणे, मी ताटाची कड धरली आणि ताट अर्धं फिरवलं. ठेचा उजवीकडे आला. "आते उना," आबा म्हणाले, जणू मी तो आत्ताच वाढला होता, आणि उरलेली अर्धी भाकरी खायला लागले.

ताट तेच होतं.

जळगावच्या डॉक्टरांनी हे सगळं दवाखान्यात सांगितलं होतं, पण तेव्हा आमच्या कानात 'धोका टळला' एवढंच शिरलं होतं. मेंदूच्या उजव्या भागाचा रक्तपुरवठा तुटला होता. उजवा मेंदू डावं अंग सांभाळतो, म्हणून डावा हात-पाय लुळा पडला, इथपर्यंत कळत होतं. पण त्या उजव्या भागात, कानाच्या वर आणि जरा मागे, आणखी एक काम चालतं. आजूबाजूच्या जागेत काय काय आहे, त्यातलं आत्ता महत्त्वाचं काय, कुठे वळायचं, याचा हिशेब तिथे राहतो. तो बिघडला की डावीकडचं जग माणसाच्या हिशेबातूनच निघून जातं. डॉक्टर पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले होते. आबांना त्यांच्या नाकाकडे बघायला सांगून त्यांनी आधी एका बाजूचं बोट हलवलं, मग दुसऱ्या बाजूचं. आबांनी दोन्ही वेळा बरोबर ओळखलं. मग त्यांनी दोन्ही बोटं एकदम हलवली. "उजवं," आबा म्हणाले. पुन्हा दोन्ही. "उजवंच." म्हणजे डोळा शाबूत होता. डावं बोट एकटं असलं की दिसत होतं, उजवं जोडीला आलं की विझत होतं. मी ते पाहिलं होतं आणि तरी काहीच पाहिलं नव्हतं. माझं सगळं चित्त सलाईनच्या बाटलीत किती उरलंय त्याकडे होतं.

डॉक्टरांनी या प्रकाराला मराठीत 'डाव्या बाजूचं दुर्लक्ष' म्हटलं आणि आईला ते लागलं. परतीच्या गाडीत ती बराच वेळ गप्प होती. मग एकदम म्हणाली, "यासनी आखं आयुष्य कोनाकडे दुर्लक्ष करं नही." तिचं चुकलं असं मला वाटत नाही. आपल्या भाषेत दुर्लक्ष हा दोष आहे, ते कुणीतरी कुणावर तरी केलेलं असतं. लक्ष आपण देतो, घालतो, ठेवतो. कधी ते आपोआप लागतं, कधी उडतं, पण सगळ्या बोलण्यातून असंच वाटतं की ते माणसाच्या कमरेच्या चंचीत असतं आणि मनात आलं की काढून देता येतं. घरात तीन भावंडं आम्ही. आईने कधी डावं-उजवं केलं नाही, याचा तिला आजही अभिमान आहे. आणि आता तिच्याच ओसरीवर, आबांच्या ताटात, खरोखरचं डावं-उजवं होऊन बसलं होतं.

मी शाळेत विज्ञान शिकवते. डोळ्याचा धडा दरवर्षी येतो. फळ्यावर मी मोठा गोल काढते, आत भिंग, मागे पडदा, पडद्यावर उलटं झाड, आणि मागून निघालेली एक जाड दोरी. 'चेतातंतू संदेश मेंदूकडे नेतात' या वाक्यावर धडा संपतो, आणि माझं शिकवणंही इतकी वर्षं तिथेच संपत होतं. डोळा म्हणजे कॅमेरा, असं मी किती मुलांना सांगितलं असेल. त्या दिवसापासून ते वाक्य माझ्या घशात अडकतं. आता मी मुलांना हात पुढे ताणून स्वतःच्या अंगठ्याचं नख बघायला सांगते. लख्ख, बारीक अक्षर वाचता येईल असं आपल्याला एका वेळी जवळजवळ तेवढ्याच जागेत दिसतं. बाकीचं सगळं पुसट. डोळा दर सेकंदाला तीन-चार उड्या मारतो आणि त्या नखाएवढ्या तुकड्यांतून वर्ग, फळा, खिडकीबाहेरचा निंब उभा राहतो. उडी चालू असताना मेंदू मधलं दिसणं दाबून टाकतो. आरशासमोर उभं राहून एकदा डाव्या, एकदा उजव्या डोळ्याकडे पाहिलं तर स्वतःचे डोळे हलताना कधीच दिसत नाहीत, शेजारच्याला मात्र स्वच्छ दिसतात. मुलं घरी जाऊन हे करून बघतात आणि दुसऱ्या दिवशी ओरडत येतात. सातवीतल्या एका मुलीने विचारलं, "मॅडम, मग बाकीचं जग कुठे जातं?" मी तिला म्हटलं, बाकीचं जग आहे असं आपण धरून चालतो. तिला ते पटलं नाही. मला तिचं न पटणं आवडलं.

आबा मात्र आयुष्यभर नजरेवरच जगले. चोपड्याकडची आमची जमीन, उत्तरेला सातपुड्याची निळी भिंत, दक्षिणेला तापी, आणि मध्ये केळी. पाच बाय पाच फुटांवर लावलं तर एकरी सतराशेच्या वर खोडं होतात. त्या सतराशेंत हरण्या रोग लागलेलं एखादंच झाड असतं. पानावर फिकट पिवळ्या रेघा, कड जरा मुरडलेली, पुढे पोंगा सडतो. औषध नाही, मावा तो रोग पुढच्या झाडावर नेतो, म्हणून झाड दिसलं की उपटून लांब नेऊन पुरायचं, एवढंच हातात. ऊन-सावलीत केळीच्या पानावर तशाही शंभर पिवळ्या रेघा नाचत असतात. त्यातून आबा चालता चालता काठी टेकवत, "ही. उपट." माणसं थक्क व्हायची. लहानपणी मी त्यांच्या मागे मागे फिरायचे आणि ते ज्या पानाकडे बोट दाखवायचे, त्याकडे बघत राहायचे. आधी काहीच दिसायचं नाही. मग एकदम दिसायचं, आणि एकदा दिसल्यावर न दिसणं शक्यच नसायचं.

हंगामाच्या सुरुवातीला सापडलेलं पहिलं रोगट पान आबा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवायचे. रोज सकाळी सरीत शिरण्याआधी सालदाराला आणि आम्हाला ते पान दाखवायचं, पिशवी उलटसुलट करून, आणि ते वाळलं की पुरून टाकायचं. "डोयाले पयले सांगनं पडस," म्हणायचे. डोळ्याला आधी सांगावं लागतं. चार दिवस एकही झाड सापडलं नाही की मजुरांची नजर सुस्तावते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पुढे मी वाचलं की अमेरिकेत जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये हेच मोजलं. गर्दीच्या चित्रांत एखादी ठरावीक वस्तू शोधायला दिली. ती निम्म्या चित्रांत असली तर लोकांकडून ७ टक्के वेळा सुटायची. शंभरातल्या एकाच चित्रात असली, तर ३० टक्के. डोळे तेच, माणसं तशीच. क्वचित भेटणारी गोष्ट नजर शोधेनाशीच होते.

त्याच गटाचा २०१३चा एक प्रयोग मी आबांच्या सीटी स्कॅनची फिल्म मांडीवर घेऊन वाचला होता, म्हणून तो जास्तच आत गेला. २४ रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाचे स्कॅन देऊन गाठी शोधायला सांगितलं. शेवटच्या स्कॅनमध्ये गुपचूप एक गोरिला घातलेला होता, साधारण गाठीच्या ४८ पट मोठा. २४पैकी २० जणांना तो दिसला नाही. डोळ्यांची हालचाल टिपणारं यंत्र लावलेलं होतं आणि ते सांगत होतं की न दिसलेल्यांपैकी बहुतेकांची नजर थेट गोरिलावर टेकून पुढे गेली होती. ही माणसं हलगर्जी नव्हती. ज्या गोळीबंद एकाग्रतेने त्यांना तांदळाएवढी गाठ सापडते, तिनेच गोरिला झाकला. मी फिल्म खिडकीसमोर धरून आबांच्या मेंदूचे ते करडे चकत्यांसारखे तुकडे पाहिले. उजव्या भागातला तो काळसर डाग डॉक्टरांनी दाखवला तेव्हा मला दिसला होता. आता एकटीने शोधताना मला बराच वेळ लागला.

जानेवारीत मी एक गोष्ट केली, जिची मला अजून थोडी लाज वाटते आणि थोडं बरंही वाटतं. मिलानमध्ये बिसियाक आणि लुत्साती या दोघांनी १९७८मध्ये असेच दोन रुग्ण तपासले होते. शहरातला मोठ्या चर्चचा चौक त्यांना पिढ्यान्‌पिढ्या पाठ. त्यांना म्हटलं, डोळ्यासमोर आणा, तुम्ही चौकाच्या या टोकाला चर्चकडे तोंड करून उभे आहात, काय काय दिसतं सांगा. त्यांनी उजवीकडच्याच इमारती सांगितल्या. मग म्हटलं, आता चर्चच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि उलट बघा. आता त्यांनी मघाशी गाळलेल्या सगळ्या इमारती सांगितल्या आणि मघाशी सांगितलेल्या गाळल्या. समोर काहीच नव्हतं, सगळं आठवणीतलं. मी आबांच्या उजव्या बाजूला बसून म्हटलं, आबा, मारुतीच्या पारावर उभे आहात, वेशीकडे तोंड. काय दिसतं? ते डोळे मिटून सांगायला लागले. दूध डेअरी, ग्रामपंचायत, शेवभाजीचं हॉटेल, चिंच, वेस. डावीकडचं काहीच नाही. पिठाची चक्की नाही, शाळा नाही. आणि चक्कीला लागून असलेलं जुनं माळवदाचं घर नाही, ज्यात आबांचा जन्म झाला, ज्यात आजी गेली, जे विकल्यावर आबा महिनाभर त्या रस्त्याने गेले नव्हते.

माझ्या पोटात खड्डा पडला.

मग मी म्हटलं, आता वेशीतून गावात शिरताय, मारुतीकडे तोंड. आबांचा चेहरा हळूहळू बदलला. "शाळा," ते म्हणाले. "चक्की. चक्कीना मांगे आपलं घर. दारमा आजी बशेल शे." डोळे मिटलेलेच होते, आणि उजवा हात वर करून त्यांनी हवेत त्या घराची जागा दाखवली. डेअरी आता गेली होती, चिंचही. मला डेअरीचं काही वाटलं नाही. मी पटकन उठून आत गेले आणि आईला काही सांगितलं नाही.

आईचं वेगळंच चाललं होतं. तिची बसायची जागा पन्नास वर्षं आबांच्या डाव्या हाताला. ती तिथेच बसून पाय चेपायची, आणि आबा मला विचारायचे, "तुनी माय कठे गयी?" "मी आठेच शे," ती म्हणायची, तर आबा आवाज शोधत उजवीकडेच वळायचे. मी तिला कितीदा म्हटलं, आई, इकडे बस. ती म्हणायची, बसते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडे. एकदा ती लग्नाला धुळ्याला गेली, रात्री तिथेच राहिली. आबा त्या रात्री झोपले नाहीत. सारखे चादर ओढत होते, पाणी मागत होते. इंग्लंडमध्ये मार्शल आणि हॅलिगन यांनी १९८८मध्ये अशाच एका बाईंना दोन घरांची चित्रं दाखवली होती. दोन्ही सारखी, फक्त एकाच्या डाव्या बाजूने ज्वाळा निघतायत. बाई म्हणाल्या, दोन्ही घरं एकच आहेत. कुठल्या घरात राहायला आवडेल, असं विचारल्यावर त्या म्हणाल्या, हा काय खुळा प्रश्न. पण बोट बहुतेक वेळा न जळणाऱ्या घरावरच ठेवलं. म्हणजे ध्यानात न येणारंही कुठेतरी आत पोचत असतं. मी हे आईला सांगितलं. तिने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, मग मी तिथंच बसते. त्या एका रात्रीवरून एवढा अर्थ काढावा का, हे मला ठरवता आलेलं नाही. पण मी तिला उठवायचं सोडून दिलं.

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलाने वर्तमानपत्राच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायला सांगितलं. आधी लाल पट्टी शोधायची, मग ओळ वाचायची. त्याआधी आबा मथळ्याचा उजवा अर्धाच वाचून 'हे असं काय छापलंय' म्हणत बसायचे. आईने ती युक्ती स्वयंपाकघरात नेली. ताटाच्या डाव्या कडेवर ती अख्खी वाळलेली लाल मिरची ठेवायला लागली, नंदुरबारहून भावाने आणलेली, देठासकट. "पयले मिरची देखा, मंग जेवा." आबा मान वळवायचे, वळवायचे, मध्येच ती उजवीकडे परत ओढली जायची, कपाळावर घाम यायचा. मिरची सापडली की त्या मागोमाग ठेचा सापडायचा, पात सापडायची. रशियातले आल्फ्रेड यार्बस यांनी लोकांना रेपिनचं एकच चित्र दाखवून वेगवेगळे प्रश्न विचारले होते. माणसांची वयं सांगा म्हटलं की नजर चेहऱ्यांवर फिरायची. घरची परिस्थिती सांगा म्हटलं की सामानावर आणि कपड्यांवर. चित्र एक, नजरेच्या वाटा निराळ्या. आई रोज दोन वेळा आबांच्या नजरेला एक प्रश्न देत होती. 'जेवा' म्हटल्याने जे होत नव्हतं, ते 'मिरची कुठे आहे' म्हटल्याने व्हायला लागलं. मार्चपर्यंत भाकरीची कड मध्यावरून सरकत सरकत डावीकडे पोचली. अगदी शेवटचा घास मात्र अजूनही पुष्कळदा राहतो.

श्रावणात आबांनी शेतात जायचा हट्ट धरला. जूनमध्ये लावलेली मृगबाग मांडीएवढी झाली होती, आठ दिवस आभाळ भरलेलं, आणि शेजारच्या शेतात हरण्या दिसला होता. सरीत चिखल. आबा उजव्या हातात काठी घेऊन, डावा पाय ओढत, आणि मी त्यांच्या डाव्या अंगाला. मी म्हटलं, आबा, तुम्ही उजवी ओळ बघा, डावी मी बघते. ते काही बोलले नाहीत. सालदार मागून फावडं घेऊन येत होता. त्या सरीत आबांनी उजवीकडची दोन झाडं दाखवली, काठीच्या टोकाने, पूर्वीसारखी. डावीकडे मला काही सापडलं नाही. सरीच्या टोकाला, पाटाजवळ, मी पुढच्या सरीत शिरायला वळले, तर आबा आल्या वाटेनेच माघारी फिरत होते. मी म्हटलं, ही झाली आबा. ते चिखलात पाय रोवून, काठी हलवून, पूर्ण वळेपर्यंत थांबले. दम लागला होता.

"जाताना अर्धी," ते म्हणाले. "येताना अर्धी."

आणि चालायला लागले. माझी ओळ आता त्यांच्या उजव्या हाताला होती. सहा-सात झाडं गेल्यावर काठी थांबली. मी पाहिलं. मघाशी मी याच झाडाशेजारून गेले होते, माझ्या साडीचा काठ त्याच्या पानाला लागून ओला झाला होता. आधी काहीच दिसलं नाही. मग पानावरच्या फिकट रेघा दिसल्या, कड मुरडलेली दिसली. "ही. उपट," आबा म्हणाले. सालदार पुढे आला, पण मीच खाली वाकले आणि खोडाला दोन्ही हातांनी धरलं. ओल्या मातीतून मुळं तटतट तुटत वर आली. केळीचा चीक मनगटापर्यंत ओघळला. त्याचे डाग निघत नाहीत, हे माहीत असूनही मी हात साडीला पुसले. आबा तोवर पुढच्या झाडापाशी पोचले होते.